मंचाचे लाकूड

कांगिक गावात चर्चच्या मागच्या उतारावर लोखंडाच्या चार खुंट्या ठोकलेल्या होत्या. नवखा माणूस त्यांना अडखळायचा. गावचे लोक मात्र चालता चालता आपसूक वळसा घालून जात, जणू तिथे घर उभेच आहे आणि भिंतीतून काही पलीकडे जाता येत नाही. त्या जागी गावातल्या थकल्याभागल्या म्हाताऱ्यांसाठी घर बांधायचे ठरले होते. ठरले त्याला आता तीन मंत्री उलटून गेले होते. दक्षिणेकडून कोणी मोठा माणूस येणार असला की जेपिटी खुंट्यांवरच्या उन्हावाऱ्याने विटलेल्या नारिंगी फिती सोडी आणि नव्या बांधी. हे काम त्याला कोणी सांगितले नव्हते. पण तो रेंजरांच्या पथकाचा सार्जंट होता. देशाच्या या उत्तर टोकाला बंदूक घेऊन बर्फावर गस्त घालणाऱ्या माणसाने गावाची अब्रूही राखावी, अशी त्याची सरळ समजूत होती.

सप्टेंबर नुकता लागला होता आणि पहिले बर्फ भुरभुरून गेले होते. जेपिटी तिसऱ्या खुंटीशी वाकलेला असताना पाठीमागून आवाज आला.

"बाळ, पुन्हा त्या चिंध्या बांधतोयस?"

"चिंध्या नाहीत, आई. नव्या कोऱ्या आहेत."

त्याला बाळ म्हणणारी उलायुक चाळिशीची होती आणि त्याची सख्खी मुलगी होती. जेपिटीची आई वारली, त्यानंतरच्या वसंतात ही जन्मली आणि आजीचे नाव घेऊनच आली. या लोकांत नाव आले की त्याच्याबरोबर नातेही येते. म्हणून अडुसष्ट वर्षांचा जेपिटी आपल्या मुलीला आई म्हणे, तिच्याशी आवाज चढवून बोलत नसे, आणि शिकारीतला पहिला मऊ तुकडा तिच्या ताटात वाढी. जेपिटीची थोरली बहीण माइना सत्त्याहत्तरची होती. तीही भाचीला आईच म्हणे, आणि उलायुक तिला पोरी म्हणून हाक मारी. यात हसण्यासारखे काही आहे असे गावात कोणाला वाटत नव्हते.

"दवाखान्यातून आलेय," उलायुक म्हणाली. ती तिथे दुभाषी होती. दक्षिणेकडून आलेल्या नर्सचे बोलणे गावाच्या भाषेत आणि गावाचे दुखणे नर्सच्या भाषेत, हेच तिचे दिवसभराचे काम. "जागा मिळाली म्हणे. गुरुवारच्या विमानानं न्यायचंय."

"कुणाला?"

"पोरीला. आणखी कुणाला?"

जेपिटीने फितीची गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली. ही बातमी येणार हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. गेल्या वर्षापासून माइनाच्या डोक्यात काळ कालवल्यासारखा झाला होता. ती मधूनच सात वर्षांची होई. पहाटे सगळे झोपेत असताना आपली जुनी पत्र्याची पेटी ओढत ती किनाऱ्यावर जाऊन बसे आणि जहाजाची वाट बघे. मार्चमध्ये तर पायात बूट नसताना सापडली. डाव्या पायाची दोन बोटे गेली ती तेव्हाच. तीन खोल्यांच्या घरात अकरा माणसे झोपत होती. कोण कधी उठून बाहेर गेले याचा पत्ता कोणालाच लागत नसे. नर्स वाईट बाई नव्हती. तिने स्पष्ट सांगितले होते, "हिला वेगळी खोली असती, कडी लागणारं दार असतं, दिवसा कुणी जवळ असतं, तर मी हिला इथंच ठेवली असती. नाहीतर पुढच्या खेपेला ती मला गोठलेली सापडेल."

खोली बांधायची तर लाकूड हवे. या खडकांवर झाड कसले, गुडघ्याएवढे झुडूपही उगवत नाही. लाकूड वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या शेवटी येणाऱ्या जहाजातून यायचे. यंदाचे जहाज येऊन गेले होते. जेपिटीने वेळेवर मागणी केली होती, पण घरांच्या कचेरीतून उत्तर आले होते की यंदा मंजुरी नाही, पुढल्या साली पाहू. आणि दक्षिणेतल्या त्या शहरात गेलेले म्हातारे परत कसे येतात, हे गावाने पाहिले होते. तीन विमाने बदलून जाणारी ती माणसे तिथे परक्या बोलीत, परक्या जेवणावर दिवस काढत आणि शवपेटीतून परत येत. म्हाताऱ्या सालाटुकची शवपेटी तर दोन आठवडे मधल्याच विमानतळावर पडून होती.

"बुधवारी मंत्री येतायत," जेपिटी म्हणाला.

"मग?"

"मी बोलतो त्यांच्याशी. समोरासमोर. माझ्यासारख्यानं सांगितलं तर ऐकतील, आई. मी कधी काही मागितलं नाही त्यांच्याकडं."

उलायुकने त्याच्या लाल स्वेटरकडे पाहिले. रेंजरांचा तो टोपीवाला लाल स्वेटर जेपिटी रविवारी चर्चमध्येही घालून जाई. चौथ्या खुंटीची फीत तिनेच बांधली.

दुसऱ्या दिवशी मंत्र्यांच्या कचेरीतला माणूस आला. लँड्री त्याचे नाव. तिशीतला, चटपटीत, थंडीने नाक लाल झालेले. त्याच्याबरोबर मालवाहू विमानातून ध्वजस्तंभ आला, खुर्च्या आल्या, ध्वनिक्षेपक आला आणि मंच आला. मंच म्हणजे जाड प्लायवूडचे तक्ते, चौकोनी वासे आणि पेटीभर स्क्रू. विमानातून लाकूड उतरताना सारे गाव बघत उभे राहिले. पाण्याचा ट्रक चालवणारा मार्कुसी हा जेपिटीचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि त्याच्याच पथकातला. त्याने पुढे होऊन एका तक्त्यावर टिचकी मारली.

"पाऊण इंची आहे," तो हळूच म्हणाला. "अरे, यांनी लाकूड विमानानं आणलं! मंत्री उभा राहणार किती वेळ?"

"अर्धा तास."

"माझा ट्रक तीन आठवडे बंद पडलाय एका पंपापायी. तो पंप मंत्र्याला उभं राहायला लागला असता, तर आला असता बघ विमानानं."

"गप रे. ऐकेल तो."

"ऐकू दे. त्याला कुठं कळतंय."

लँड्रीने जेपिटीचा हात दोन्ही हातांत धरला. "सार्जंट, तुमच्या बहिणीबद्दल वाचलं मी. त्या जहाजातून ज्यांना इथं आणलं, त्यातल्या हयात असलेल्या त्या एकट्याच, होय ना?"

"एकटीच. मी इथं जन्मलो. तिला आणलं तेव्हा ती सात वर्षांची होती."

"मग झेंडा त्यांनीच चढवायला हवा! बघा ना, केवढं मोठं आहे हे. ज्यांच्यामुळं ही भूमी आपली राहिली, त्यांच्या हातून."

जेपिटीने समुद्राकडे पाहिले. या भूमीवर माणसे राहत नाहीत असे दुसऱ्या देशांना वाटू नये, म्हणून सरकारने फार दक्षिणेकडच्या एका किनाऱ्यावरून काही कुटुंबे उचलून इथे आणून सोडली होती. तिथे शिकार भरपूर आहे, असे सांगितले होते. दोन वर्षे राहा, नाही मानवले तर परत नेऊ, असेही लाल कोटातल्या पोलिसाने सांगितले होते. त्या वेळचा झेंडा निराळा होता, त्यावर आजच्यासारखे लाल पान नव्हते. पहिला हिवाळा त्यांनी कापडाच्या जुन्या तंबूत काढला. आईने पेटी भरून ठेवली होती, ती तिने मरेपर्यंत पुरती कधी उघडली नाही. हे सारे लँड्रीने वाचले असेलच. तरी तो "ज्यांच्यामुळं ही भूमी आपली राहिली" असे म्हणाला, आणि जेपिटीला त्याचा राग आला नाही. उलट छाती किंचित भरून आली. याचे त्याला स्वतःलाच नवल वाटले.

"तिची तब्येत बरी नसते," तो म्हणाला. "तिला दक्षिणेला न्यायचं म्हणतायत. त्याबद्दल मला मंत्रीसाहेबांशी बोलायचंय. म्हाताऱ्यांचं घर व्हायचंय ना इथं, त्याबद्दल."

"अवश्य. कार्यक्रम झाल्यावर चहाला दोन मिनिटं काढून देतो मी तुम्हाला. आधी झेंडा होऊ दे."

संध्याकाळी घरात उकडलेल्या सीलच्या मांसाचा वास भरला होता. जमिनीवर पुठ्ठा अंथरून सगळे त्याभोवती बसले होते. जेपिटीने लँड्रीचे बोलणे सांगितले.

"म्हणजे पोरीला खांबाशी उभी करणार, आणि तिच्या बदल्यात दोन मिनिटं," उलायुक म्हणाली.

"तिच्या बदल्यात काय म्हणतेस? मान आहे तो."

"मान! मला आणून इथं रोवली तेव्हाही मानच होता, बाळ. खांब म्हणूनच आणलं होतं आम्हाला."

हे बोलणे मुलीचे की आईचे, असा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. विचारण्याजोगा तो प्रश्नच नव्हता.

"मग दुसरं काय करू ते सांग," तो म्हणाला. "गुरुवारी विमान आहे. लाकूड नाही. माझ्या हातात एवढं एकच आहे. मी तीस वर्षं त्यांच्यासाठी बर्फ तुडवलाय, आई. एवढं तरी ऐकतील."

माइना मांसाचा तुकडा चाकूने ओठांशी कापत होती. तिने वर पाहिले. "जहाज आलं का?"

"नाही, पोरी," उलायुक म्हणाली. "जेव."

उलायुकने माइनापुढे आणखी एक तुकडा सरकवला. मग ती म्हणाली, "बरं. चढवू दे तिला झेंडा. बाजूला मी उभी राहीन. तिचं बोलणं मीच सांगणार त्यांना, दुसरं कुणी नाही."

बुधवारी आभाळ उंच आणि निरभ्र होते, फक्त समुद्रावर धुक्याची एक करडी पट्टी होती. शाळेच्या पटांगणात मंच उभा राहिला. त्याच्या मागच्या तक्त्यांवर कापडी फलक ठोकला होता. "आपले उत्तर, आपला अभिमान." रेंजर लाल स्वेटर घालून रांगेत उभे राहिले. लष्करी सरावासाठी आलेले सैनिक त्यांच्या पलीकडे. एका बाजूला पोलीस शिपाई होता, दक्षिणेतल्या समारंभांत घालतात तो गडद लाल कोट, टोपी आणि चकाकणारे बूट चढवून. गावात तो एरवी साध्या जाकिटात फिरायचा. त्यामुळे पोरे त्याच्याकडे बोट दाखवून खिदळत होती.

मंत्री चांगले बोलले. आवाज भरदार होता आणि कागद न बघता बोलत होते. "जग आज उत्तरेकडे बघतंय," ते म्हणाले. "बर्फ वितळतोय, जहाजांचे मार्ग खुले होतायत, आणि काही देशांना वाटतंय की इथं कुणी नाही. त्यांना मी सांगतो, इथं आम्ही आहोत! या खडकाची प्रत्येक कड आमची आहे, या समुद्राचा प्रत्येक थेंब आमचा आहे. आणि तो आमचा आहे, कारण इथं तुम्ही आहात."

उलायुक वाक्यामागून वाक्य गावाच्या भाषेत सांगत होती. थेंबाच्या वाक्याला मार्कुसी रांगेतूनच पुटपुटला, "थेंब तुमचे, मग तुम्हीच या वाटायला. ट्रक बंद आहे." दोन-तीन रेंजरांचे खांदे हलले. जेपिटीने मान न वळवता "श्" केले. त्याला भाषण आवडत होते. तुम्ही आहात, हे शब्द ऐकताना तो आणखी ताठ उभा राहिला.

मग माइनाला पुढे आणले. तिने आईचा जुना पांढरा अंगरखा घातला होता. सकाळच्या तालमीत तिने दोरी नीट ओढली होती. अशी हातावर हात टाकून ओढण्याची कामे तिच्या अंगात भिनलेली होती. सीलचे धूड बर्फाच्या भोकातून ओढायचे ते असेच. उलायुक तिच्या बाजूला उभी राहिली. झेंडा अर्धा वर गेला आणि थांबला.

माइनाने लाल कोटवाल्या शिपायाला पाहिले होते.

दोरी हातात तशीच धरून ती त्याच्याकडे वळली. तिचा आवाज लहान मुलीसारखा बारीक होता, आणि ध्वनिक्षेपक चालू होता.

"आलात?" ती म्हणाली. "आम्ही केव्हाची पेटी भरून ठेवलीय. दोन वर्षं म्हणाला होतात. झाली की. जहाज कुठाय?"

शिपाई जागच्या जागी ताठ झाला. तो पंचवीस वर्षांचा पोरगा होता. आपल्याला काय विचारले हे त्याला कळले नाही, पण काहीतरी विचारले आहे आणि उत्तर द्यायला हवे, एवढे कळले. मंत्र्यांनी उलायुककडे पाहिले.

"काय म्हणतायत त्या?"

उलायुकने शब्द न गाळता सांगितले. "ती म्हणते, आम्ही पेटी भरून ठेवलीय. दोन वर्षांनी परत नेऊ म्हणाला होतात. जहाज कुठं आहे?"

लँड्री लगबगीने मंत्र्यांच्या कानाशी लागला. मंत्र्यांनी मान हलवली. ते मंचावरून उतरले आणि माइनापुढे त्या ओल्या खडीत खरोखर गुडघा टेकून बसले. त्यांनी तिचा मोकळा हात हातात घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर ढोंग नव्हते. कदाचित त्यांची आईही अशीच कुठेतरी खिडकीशी बसत असेल.

"त्यांना सांगा," ते म्हणाले, "त्यांनी जे सोसलं, त्याची सगळ्या देशाला आठवण आहे."

"पोरी, ते म्हणतायत, देशाला आठवण आहे."

"हो का?" माइना म्हणाली. "मग जहाज केव्हा?"

उलायुकने विचारले. मंत्र्यांनी क्षणभर लँड्रीकडे, मग म्हातारीकडे पाहिले. त्यांचा आवाज मऊ झाला. "येईल म्हणावं. लवकरच येईल."

उलायुक बोलली नाही.

"सांगा ना त्यांना."

"केव्हा म्हणून सांगू?"

"तसं नाही हो... त्यांना बरं वाटावं म्हणून. लवकरच येईल, एवढंच सांगा."

"साहेब," उलायुक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी तो पटांगणाच्या टोकापर्यंत गेला. "हे वाक्य मला एकदा सांगून झालंय. याच मुलीचा हात धरून मी ते ऐकलं. त्याची वाट बघत मी मेले. आता ते मी माझ्या तोंडानं तिला सांगणार नाही."

दक्षिणेकडच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिले. दुभाषी बाईला काही होते आहे की काय, असे लँड्रीला वाटले असावे, कारण त्याने पाण्याची बाटली पुढे केली. पण गावाला सारे कळले होते. मागच्या ओळीतल्या दोन म्हाताऱ्या बायकांनी माना खाली घातल्या. जेपिटी रांगेत उभा होता, आणि त्याची आई बोलत होती. तो लहान असताना ती किनाऱ्याकडे तोंड करून कातडे शिवत बसे आणि काही बोलत नसे. तिचे ते न बोललेले आज बाहेर पडले होते. त्याला शरम वाटली. ती आईची नव्हती. हातात फितींचे रीळ घेऊन खुंट्यांशी वाकलेला एक म्हातारा त्याला दिसत होता.

उलायुक माइनाकडे वळली. "जहाज आज येणार नाही, पोरी. केव्हा येईल, हे त्यांनाही ठाऊक नाही."

माइनाने ते ऐकून घेतले. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली.

"एवढंच ना," ती म्हणाली. "मग तसं आधी सांगायचं होतं."

आणि दोरी हातातच होती म्हणून तिने ती ओढायला सुरुवात केली, हातावर हात टाकत. झेंडा खांबाच्या टोकाला जाऊन फडफडू लागला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

चहा झाला नाही. धुक्याची पट्टी किनाऱ्याला येऊन भिडली होती, आणि वैमानिकाने निघायची घाई लावली. जेपिटी धावपट्टीवर गेला. विमानाच्या शिडीशी लँड्रीने त्याला मंत्र्यांसमोर उभे केले. मंत्र्यांच्या विजारीला गुडघ्यापाशी खडीचा चिखल लागला होता.

"साहेब, माझ्या बहिणीला उद्या नेतायत. इथं जागा नाही म्हणून. ज्यांना जागा राखायला आणलं, त्यांना ठेवायला जागा नाही. ते घर..."

"घराची मला कल्पना आहे, सार्जंट. विषय विचाराधीन आहे. आणि तुमच्यासारख्या माणसांचा आम्हाला फार अभिमान आहे, हे विसरू नका." त्यांनी त्याचा हात दाबला. ते शिडी चढून गेले.

लँड्री मागे रेंगाळला. "झालं ते झालं, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "आणि एक काम. मंचाचं लाकूड परत नेत नाही आम्ही, भाडं परवडत नाही. पुढल्या वर्षीचा सराव मोठा आहे, तेव्हा लागेल. सरकारी माल आहे, नीट राखा."

"राखतो," जेपिटी म्हणाला.

विमान धुक्यात शिरले. पटांगणात कोणी उरले नव्हते. जेपिटी मंचाच्या कडेला बसला. बुटाच्या टाचेने त्याने खालचा वासा दाबून पाहिला. सरळ होता, कोरडा होता, कुठे गाठ नव्हती. उमेदीच्या काळात रिकाम्या तेलाच्या पिंपांतून आणि जहाजाच्या फुटक्या पेट्यांतून घर उभे करणारी माणसे त्याने पाहिली होती. स्वतः त्याने आजवर सरकारच्या मालाचा एक खिळाही घरी नेला नव्हता. बंदुकीच्या गोळ्या उरल्या तर तो त्या मोजून परत करी आणि मार्कुसी त्याला हसे.

मार्कुसी आलाच. "काय सार्जंट, पहारा?"

"राखा म्हणाला."

"मग राख की. बर्फात पडून लाकूड कुजतं म्हणे. छपराखाली हवं."

जेपिटीने त्याच्याकडे पाहिले. मार्कुसी अगदी गंभीर होता.

"कुठल्या छपराखाली?" जेपिटीने विचारले.

"ते लाकूडच ठरवेल. स्क्रू काढायला तुझ्याकडे काही आहे, की घरून आणू?"

जेपिटी उठला. त्याने लाल स्वेटर काढला, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवला. मग गुडघ्यावर बसून त्याने पहिला स्क्रू सोडवला.

अंधार पडायच्या आत वासे जेपिटीच्या घराच्या भिंतीला लागले होते. बोलावणे कोणालाच गेले नव्हते. पण रेंजर आले, त्यांच्या बायका आल्या. एकाने खिडकीची काच आणली, एकीने सीलच्या कातड्यांची चळत आणली. लाल कोट उतरवलेला पोलीस शिपाई साध्या जाकिटात येऊन थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने काही न विचारता तक्त्याचे दुसरे टोक धरले. जेपिटीने शिकारीच्या झोपडीतली तेलाची शेगडी ओढून आणली. गुरुवारी विमान यायच्या आधी छप्पर पुरे झाले. भेगांत कापूस कोंबायचा राहिला होता.

नर्सने येऊन भिंतीवर हात ठेवला, कडी दोनदा लावून-काढून पाहिली, शेगडीचा धूर कुठून जातो ते पाहिले.

"दिवसा जवळ कोण?"

"अर्धा दिवस मी," उलायुक म्हणाली. "उरलेला हे माझं बाळ. त्याला आता फिती बांधायच्या नाहीयेत, वेळच वेळ आहे."

नर्स हसली नाही. "हे कायमचं नव्हे," ती म्हणाली. "कर्मचारी मला मिळणार नाहीत, औषधंही पुरी नसतात. हिवाळा वाईट गेला, तर मला पुन्हा विचार करावा लागेल. खोटं सांगत नाही."

"खोटं सांगत नाही, तेच पुरे आहे," जेपिटी म्हणाला.

त्या दिवशीचे विमान एक जागा रिकामी घेऊन गेले.

हिवाळा पुरता उतरल्यावर, सूर्य दिसेनासा झाल्यानंतर, लँड्रीचा फोन आला. पुढच्या उन्हाळ्याची आखणी चालली होती. मंत्री बदलले होते, नवे मंत्रीही येऊ इच्छित होते. चर्चमागच्या त्या जागेची खूण अजून शाबूत आहे ना, असे त्याने विचारले.

"खुंट्या कुत्री बांधायला उपयोगी पडल्या," जेपिटी म्हणाला.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज झाला. "बरं. आणि मंचाचं लाकूड? ते सुरक्षित आहे ना, सार्जंट?"

जेपिटीने दाराच्या फटीतून आत पाहिले. शेगडीच्या उजेडात तक्त्यांच्या भिंतीवर, फलक ठोकल्याची भोके तशीच दिसत होती. त्यांतल्या एका भोकात खुंटी बसवून माइनाने आपला अंगरखा अडकवला होता.

"अगदी सुरक्षित आहे, साहेब," तो म्हणाला. "माझी बहीण राखतेय."

फोन ठेवून तो आत गेला. माइना पलंगावर बसून पेटी भरत होती, रोज भरायची तशीच. चाकू, सुईचे घर, लोकरीचे जाड मोजे. उलायुक तिच्या पायांशी बसून तिच्या उरलेल्या बोटांना चरबी चोळत होती.

"आई, आज येईल का जहाज?" माइनाने विचारले.

"आज नाही, पोरी."

"उद्या?"

"उद्याचं मला ठाऊक नाही."

माइनाने मान डोलावली. तिने मोजे पेटीतून काढले आणि आपल्या पायांत घालायला उलायुकच्या हाती दिले.